गोड मक्याचे वाण कसे निवडावे: इंदूरच्या बाजारासाठी, पेरणीपासून विक्रीपर्यंत

इंदुरात भुट्ट्याला, म्हणजे मक्याच्या कणसाला, चार तऱ्हांची गिऱ्हाइके आहेत आणि त्या चौघांना एकच वाण चालत नाही. सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मोठ्या कढईत भुट्ट्याचा कीस परतणारा, पावसाळ्यात कोळशाच्या शेगडीवर कणीस भाजून लिंबू-मीठ चोळणारा ठेलेवाला, वाफवलेले दाणे लोणी-मसाला लावून कपात विकणारा, आणि लग्नसराईत सोललेले दाणे किलोवर मागणारा केटरर, अशी ही चार गिऱ्हाइके. बियाण्याच्या दुकानात मात्र आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, की यात सगळ्यात गोड कोणते? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या क्रमांकावर विचारायचा आहे. माल कोण घेणार हा पहिला प्रश्न, आणि तोडणीपासून तो माल तोंडात जाईपर्यंत किती तास जाणार हा दुसरा. या दोहोंची उत्तरे हाती असली की वाणाची निवड बरीचशी आपोआप होते. पुढचा सगळा मजकूर याच क्रमाने लिहिला आहे आणि तो अर्धा ते दोन एकर क्षेत्रावर, सांवेर, देपालपूर, हातोद किंवा सिमरोल या बाजूंना गोड मका घेऊन इंदुरातच विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

गिऱ्हाइकाची गरज ओळखणे

आमच्या शेतात पहिल्या वर्षी अतिगोड वाणाची कणसे उत्तम आली, तेव्हा दोन पोती घेऊन मी मोठ्या उमेदीने एका कीसवाल्याकडे गेलो. त्याने काही न बोलता एक कणीस सोलले, किसणीवर ओढले आणि थाळी तिरपी धरली. किसाखालून पाण्यासारखा पातळ रस वेगळा होऊन थाळीच्या कडेला जमा झाला. "भिया, ये तो शक्कर का पानी है, कीस में नी चलेगा," एवढेच तो म्हणाला आणि परत आपल्या कढईकडे वळला. त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. भुट्ट्याच्या किसात हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची आणि दूध असते, पण त्याला दाटपणा येतो तो कोवळ्या देशी मक्याच्या पिठूळ चिकामुळे. ज्या दाण्यात पिष्ट फारसे तयारच होत नाही, त्याचा कीस कितीही परतला तरी आळत नाही, आणि गोडी इतकी वर येते की मिरची आणि हिंग दोन्ही मागे पडतात. काही ठिकाणी देशी आणि गोड मका मिसळून कीस करतात, तरीही मुख्य माल देशीच असतो. तेव्हा कीसवाला हे तुमचे गिऱ्हाईक असेल, तर गोड मक्याच्या महागड्या पाकिटाच्या वाटेला न जाता कोवळ्या अवस्थेत तोडलेला देशी किंवा साधा संकरित मका देणेच व्यवहाराचे ठरते.

भाजणाऱ्या ठेलेवाल्यांचे दोन पंथ आहेत. जुन्या गिऱ्हाइकांना दाताखाली जरा चिवट, धुराचा वास धरणारा देशी भुट्टा लागतो. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे मात्र ‘अमेरिकन भुट्टा’ मागतात, आणि इथे गोड मक्याला हाच शब्द चालतो. अशा ठेल्यावर कणसाचे दर्शनी रूप महत्त्वाचे असते: सरळ ओळी, टोकापर्यंत भरलेले दाणे, आणि हातात धरायला पुरेसा दांडा. कपवाल्याला आणि केटररला कणसाच्या रूपाशी काही देणे-घेणे नसते. त्यांना दाणा मोठा, पिवळाधमक, पातळ सालीचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही गोड राहणारा हवा असतो. अतिगोड प्रकार शोभतो तो इथे.

गोडीचे प्रकार आणि त्यांचा अर्थ

साध्या मक्याच्या दाण्यात झाडाकडून आलेली साखर झपाट्याने पिष्टात बदलते. गोड मक्यात या कामात एखाद्या जनुकामुळे खोट आलेली असते, म्हणून साखर साखरच राहते. ही खोट कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावरून प्रकार पडतात.

पहिला आणि सर्वांत जुना प्रकार ‘शुगरी’ जनुकाचा. यात साखर साध्या मक्यापेक्षा जास्त असतेच, पण त्याशिवाय पाण्यात विरघळणारे, सायीसारखे दाट असे एक बहुशर्करी द्रव्यही साठते, त्यामुळे दाणा चावल्यावर मलईदार लागतो. चवीच्या दृष्टीने माझे मत याच प्रकाराच्या बाजूने आहे. व्यापाराच्या दृष्टीने मात्र याचा एक मोठा दोष आहे: तोडणीनंतर साखर टिकत नाही. ३० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या अशा कणसातील जवळजवळ निम्मी साखर २४ तासांत निघून जाते. सकाळी तोडून संध्याकाळी ठेल्यावर भाजला जाणार असेल तर हा मका अप्रतिम, पण मंडीत जाऊन दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी फ्रिजमध्ये पोहोचणार असेल तर हाच मका नाव खराब करतो.

दुसरा प्रकार याच जनुकाला जोड देऊन गोडी वाढवलेला असतो. दाणा मऊ आणि मलईदार राहतो, साखर थोडी जास्त असते आणि एखादा दिवस अधिक टिकते. आपल्याकडे या प्रकारची पाकिटे क्वचितच दिसतात, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

तिसरा प्रकार ‘श्रंकन-टू’ जनुकाचा, ज्याला व्यवहारात सुपर स्वीट म्हणतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी १९५०च्या दशकात याचा उपयोग गोड मक्यासाठी दाखवून दिला. यात पिष्ट बनण्याची वाट आधीच्याच टप्प्यावर अडते, त्यामुळे साखर पहिल्या प्रकाराच्या दुपटीच्या घरात जाते आणि थंड ठेवल्यास बरेच दिवस टिकते. दाणा मलईदार नसून कुरकुरीत आणि रसाळ लागतो. याची किंमत शेतात मोजावी लागते: बियाण्यात पिष्टाचा साठा कमी असल्याने दाणा सुरकुतलेला, हलका आणि उगवणीला अशक्त असतो. थंड किंवा चिबड जमिनीत तो कुजतो.

पाकिटावर यातला कोणता प्रकार आहे हे बहुधा लिहिलेले नसते, पण चार दाणे तळहातावर घेतले की कळते. शुगरी प्रकाराचा दाणा सुरकुतलेला असला तरी काचेसारखा अर्धपारदर्शक आणि टणक दिसतो. सुपर स्वीटचा दाणा आत दबलेला, निस्तेज, आणि बोटांत धरल्यास पोकळ वाटावा इतका हलका असतो.

इथेच ब्रिक्सबद्दल, म्हणजे रसाची गोडी दाखवण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या आकड्याबद्दल, एक इशारा द्यावासा वाटतो. विक्रेते हल्ली ‘अमुक ब्रिक्स’ असे सांगून वाण विकतात. रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण रसातील सर्वच विरघळलेले पदार्थ मोजते, केवळ साखर नव्हे. शुगरी प्रकारातील ते मलईदार द्रव्यही त्या आकड्यात येते, त्यामुळे जिभेला कमी गोड लागणाऱ्या मक्याचा ब्रिक्स जास्त दिसू शकतो. एकाच प्रकारातील दोन वाणांची किंवा एकाच वाणाच्या दोन तोडण्यांची तुलना ब्रिक्सवरून जरूर करावी. दोन निराळ्या प्रकारांची करू नये.

बाजारातील नावे

सार्वजनिक संस्थांच्या वाणांत हैदराबादचे ‘माधुरी’ आणि ‘प्रिया’ हे संमिश्र वाण जुने आणि प्रसिद्ध आहेत. संमिश्र वाण असल्यामुळे त्यांचे बियाणे घरी राखता येते, हा त्यांचा मोठा गुण. मात्र कणसे एकसारख्या आकाराची येत नाहीत आणि सगळा प्लॉट एकाच वेळी तोडणीला येत नाही, म्हणून ते घरासाठी, शेताच्या बांधावरच्या विक्रीसाठी आणि हप्त्यातून दोन-तीनदा थोडाथोडा माल नेणाऱ्यासाठी बरे. संकरित वाणांत दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पुसा सुपर स्वीट कॉर्न-१’ हा श्रंकन-टू जनुकाचा वाण आहे, तर हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाचा ‘एचएससी-१’ हा आणखी एक. खासगी वाणांत सिंजेंटाचा ‘शुगर-७५’ अनेक वर्षे सर्वत्र पेरला जातो, आणि त्याच्या कणसाचा एकसारखेपणा व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत बसलेला असल्याने नवीन शेतकऱ्याला त्याची विक्री तुलनेने सोपी जाते. संकरित वाणाचे बियाणे पुढच्या वर्षासाठी राखू नये, कारण पुढच्या पिढीत कणसे वेडीवाकडी येतात.

बियाण्याच्या किमतीवरून वाण नाकारण्यापूर्वी एक हिशेब करावा. समजा संकरित बियाणे किलोला २,५०० रुपये आहे आणि एकराला अडीच किलो लागते, म्हणजे खर्च ६,२५० रुपये झाला. एकरी १८,००० विक्रीयोग्य कणसे मिळाली, तर बियाण्याचा भार कणसामागे सुमारे ३५ पैसे पडतो. आडत्याने वेड्यावाकड्या कणसांची छाटणी करून एक पोते बाजूला काढले, तर नुकसान त्याहून कितीतरी अधिक होते. स्वस्त बियाण्याचा मोह मला कधी फायद्याचा वाटला नाही.

परागाचा प्रश्न, आणि मी केलेली चूक

मक्याच्या दाण्याची चव आईइतकीच बापावर, म्हणजे त्यावर पडलेल्या परागावर अवलंबून असते, आणि तीही त्याच हंगामात. गोड मक्याच्या केसांवर देशी मक्याचा पराग पडला की तो दाणा पिठूळ होतो. इतके मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे, की शुगरी आणि सुपर स्वीट हे दोन्ही गोड प्रकार एकमेकांशेजारी लावले तर तेही एकमेकांना बिघडवतात. दोघांतली खोट निराळ्या जागी असल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि दाणा थेट साध्या मक्यासारखा होतो. ‘दोन्ही वाण शेजारी लावून बघा, कोणते चांगले ते कळेल’ या दुकानदाराच्या सल्ल्यावरून मी दोन पाकिटे चार-चार ओळींत शेजारी पेरली, आणि दोन्हींच्या कणसांत गोड दाण्यांमध्ये फुगीर, कडक दाणे पेरल्यासारखे निघाले. तुलना तर राहिलीच, मालही गेला.

म्हणून पाळायचे अंतर असे: दुसऱ्या प्रकारच्या किंवा देशी मक्यापासून किमान १०० मीटर, शक्य असल्यास २००. पावसाळ्यात माळव्यात वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे त्या बाजूच्या शेजाऱ्याने काय पेरले आहे याची चौकशी सर्वांत आधी करावी. या बाबतीत इंदूर परिसराचे एक सुदैव आहे: खरिपात चहूकडे सोयाबीन असते आणि सोयाबीनचा गोड मक्याला काही उपद्रव नाही. धार-झाबुआच्या बाजूला, जिथे मका घरोघरी आहे, तिथे हे सुख नाही. सोयाबीन सोडून मक्याकडे वळलेला एखादा शेजारी मात्र प्रत्येक गावात आता भेटतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

अंतर मिळत नसेल तर वेळेचे अंतर ठेवावे: दोन्हींचे तुरे एका वेळी येऊ नयेत, यासाठी फुलोऱ्यात दोन आठवड्यांचा फरक हवा. इथे एक मेख आहे. पेरणीतला फरक तोच फुलोऱ्यात उतरत नाही. ऑक्टोबरात दहा दिवसांच्या अंतराने पेरलेली दोन पिके थंडीमुळे दहाहून अधिक दिवसांच्या अंतराने फुलतात, कारण दुसरे पीक जास्त थंडीत सापडते. फेब्रुवारीत उलट होते आणि मागून पेरलेले पीक उन्हाच्या जोरावर पुढच्याला गाठते. उन्हाळी पेरणीत म्हणून तीन आठवड्यांहून कमी फरक ठेवू नये.

पेरणीची वेळ

खरिपात पाऊस नीट लागल्यावर, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पेरावे. या पिकाची कणसे पावसाळ्याच्या ऐन मागणीत येतात, पण त्याच वेळी देशी भुट्टाही मुबलक येतो, म्हणून दर लवकर उतरतात. रब्बीची पेरणी ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करावी. डिसेंबर आणि जानेवारीत इंदुरात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखाली जाते. त्या काळात सुपर स्वीट पेरणे म्हणजे बियाणे मातीत घालणेच होय. जमीन १८ अंशांच्या वर असेल तरच हा दाणा जोमाने उगवतो. उन्हाळी पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. उशीर केल्यास तुरा एप्रिलच्या शेवटी येतो, आणि चाळीस अंशांच्या उन्हात पराग वाळून कणसांची टोके रिकामी राहतात. पाकिटावरचे ‘७५ दिवस’ हे पावसाळ्यासाठी समजावेत. रब्बीत त्याच वाणाला शंभर किंवा त्याहून अधिक दिवस लागतात.

सगळे क्षेत्र एकदम पेरू नये. अर्ध्या एकराचे तीन भाग करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरल्यास ठेलेवाल्याला महिनाभर सतत माल देता येतो, आणि त्याला सातत्य दराइतकेच प्यारे असते. हे तिन्ही भाग एकाच वाणाचे असावेत, म्हणजे परागाची चिंता राहत नाही.

छोटा चाचणी प्लॉट

दोन-तीन वाणांची तुलना स्वतःच्या जमिनीत केल्याशिवाय मोठे क्षेत्र लावू नये. वाण शेजारी लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर कणसांना पिशव्या घालाव्यात. प्रत्येक वाणाची दहा निरोगी झाडे निवडून, कणसाचे केस बाहेर पडण्याच्या आधीच त्यावर बटरपेपरची पिशवी चढवावी. त्याच वाणाच्या दुसऱ्या झाडांच्या तुऱ्यांवरही आदल्या संध्याकाळी पिशव्या बांधून ठेवाव्यात, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्या झटकून पराग गोळा करावा आणि केसांवर टाकून पिशवी पुन्हा लावावी. दोन-तीन दिवस हे करावे लागते. काम किचकट आहे, पण तीस कणसांसाठी घरातली दोन माणसे पुरतात आणि मिळणारे उत्तर खात्रीचे असते.

तोडणीनंतर तीन गोष्टी नोंदवाव्यात. एक, दहा कणसांचे सालींसकट, म्हणजे वरच्या हिरव्या आवरणासकट, वजन आणि सोलल्यानंतरचे वजन. मंडीत माल सालींसकट किलोवर जातो, तेव्हा जाड सालीचा वाण तुमच्या फायद्याचा आणि कपवाल्याच्या तोट्याचा असतो. दोन, त्याच कणसांचे दाणे सुरीने काढून त्यांचे वजन. सालींसकट दहा किलो मालातून साधारण तीन ते चार किलो दाणा निघतो, आणि चारकडे झुकणारा वाण केटररला दाखवायला न्यावा. तीन, चव: काही कणसे त्याच दिवशी, काही दुसऱ्या दिवशी आणि काही तिसऱ्या दिवशी वाफवून घरातल्यांना वाणाचे नाव न सांगता खायला द्यावीत. आमच्या घरी पहिल्या दिवशी सर्वांनी शुगरी प्रकाराला पसंती दिली आणि तिसऱ्या दिवशी त्याच कणसांना कोणी हात लावला नाही.

लागवडीची कामे

जमीन आपल्याकडे मध्यम ते भारी काळी, म्हणजे पाणी धरून ठेवणारी. मक्याच्या रोपाला पहिल्या महिन्यात साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून खरिपात सपाट पेरणी न करता वरंब्यावर टोकण करावी आणि सरीचे पाणी बाहेर काढून द्यावे. दोन ओळींत ६० सेंटीमीटर आणि दोन रोपांत २५ सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे २७,००० रोपे बसतात. लांबच लांब एक-दोन ओळी न लावता चौरस ठोकळ्यात, निदान चार ओळी शेजारी येतील असे लावावे, नाहीतर पराग वाऱ्याबरोबर निघून जातो आणि कणसे अर्धवट भरतात. बियाणे एकरी अडीच ते तीन किलो लागते, पण दाण्याचे वजन वाणागणिक फार बदलते, म्हणून शंभर दाणे तोलून हिशेब करावा आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणही तपासावी. खोली अडीच ते तीन सेंटीमीटरच. खोल गेलेला सुपर स्वीटचा दाणा वर येत नाही.

खताची मात्रा सर्वसाधारणपणे एकरी ५० ते ६० किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ ते २४ किलो पालाश अशी धरतात. पोत्यांच्या भाषेत, पेरणीच्या वेळी डीएपीचे ५० किलोंचे एक पोते, म्युरेट ऑफ पोटॅश ३० किलो आणि युरियाचे अर्धे पोते द्यावे. पुढे ४५ किलोंचे एकेक पोते युरिया गुडघाभर वाढीच्या वेळी आणि तुरा निघण्यापूर्वी द्यावे. काळ्या जमिनीत जस्ताची उणीव वारंवार दिसते, तेव्हा एकरी १० किलो झिंक सल्फेट द्यावे, मात्र ते डीएपीत मिसळू नये. शेणखत किंवा कंपोस्ट असेल तितके कमीच. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात ज्या पद्धतीने काडीकचरा आणि शेणाचे थर रचून खत करण्याचे तंत्र बसवले, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिचा उपयोग इंदुरातच कमी व्हावा ही खंत बाजूला ठेवू.

खुरपणी दोनदा, तिसाव्या दिवसाच्या आसपास मातीची भर, आणि तुरा ते दाणे भरणे या काळात पाण्याचा ताण नाही, एवढे सांभाळले की बाकी पीक सोपे आहे. एक सावधगिरी: साध्या मक्यात उगवणीनंतर फवारली जाणारी काही तणनाशके काही गोड वाणांना भाजून काढतात, म्हणून शेजाऱ्याच्या मक्यात चालले ते आपल्यात चालेलच असे धरू नये.

लष्करी अळी ही खरी डोकेदुखी. अमेरिकेतून आलेली ही अळी भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि नंतर देशभर पसरली. उगवणीनंतर दहाव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने, उघडून पाहावा. पानावर ओळीने छिद्रे आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की ती आहेच. एकरी पाच कामगंध सापळे लावावेत, अंडीपुंज हाताने चिरडावेत, आणि अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारावा. प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी लिटरला ०.४ मिलि ही औषधे वापरली जातात. केस बाहेर पडल्यानंतर मात्र रासायनिक फवारणी करू नये, कारण हे कणीस वीस दिवसांत कोणाच्या तरी मुलाच्या हातात जाणार असते. कणसे भरू लागली की पोपट आणि रोजडे (नीलगायी) यांच्यापासून राखणही आलीच, आणि रस्त्याकडेला शेत असेल तर दोन पायांच्या पाहुण्यांपासूनही.

तोडणी आणि विक्री

केस बाहेर पडल्यापासून १८ ते २२ दिवसांत कणीस तयार होते. रब्बीत काही दिवस अधिक. केस तपकिरी होऊन वाळलेले, कणीस मुठीत धरल्यास टोकापर्यंत भरीव, आणि मधल्या दाण्यात नख रोवले असता दुधासारखा रस उडाला पाहिजे. रस पाण्यासारखा असेल तर थांबावे, लगद्यासारखा असेल तर उशीर झाला. सुपर स्वीटमध्ये रस मुळातच जरा पातळ असतो, म्हणून तिथे नखापेक्षा दिवसांच्या मोजणीवर आणि दाण्याच्या रंगावर भर द्यावा.

तोडणी पहाटेच करावी. मक्याचा ढीग स्वतःच्या श्वसनाने आतून तापतो. पोत्यात हात घालून पाहिल्यास ही ऊब कळते. तोडलेली कणसे सावलीत पसरून, विहिरीच्या किंवा बोअरच्या गार पाण्यात बुडवून निथळावीत आणि ओल्या गोणपाटाखाली न्यावीत. देवी अहिल्याबाई होळकर मंडीत, जिला सगळे इंदूर चोइथराम मंडी म्हणते, माल लिलावात घालायचा असेल तर आदल्या संध्याकाळी तोडावे लागते. म्हणजे तिथे शुगरी प्रकार नेऊ नये. मंडीत माल घालताना मोठी, मध्यम आणि खुरटी कणसे एका पोत्यात भरू नयेत. पोत्याच्या तोंडाशी मोठी आणि तळाला खुरटी भरण्याची जुनी चलाखी आडत्याला आपल्याहून चांगली माहीत असते, आणि तो दर तळातल्या मालावरून लावतो.

थेट ठेलेवाल्याला देताना नगावर भाव ठरवावा, कारण तो विकतो नगावर. दहा-बारा ठेले बांधून घेतल्यास रोजची शे-दोनशे कणसे सहज जातात. केटररशी मात्र तोंडी बोलण्यावर राहू नये: एका लग्नासाठी ऐंशी किलो दाणे सोलून तयार ठेवल्यावर ‘यजमानांनी पदार्थ बदलला’ असे ऐकण्याची पाळी माझ्यावर आली आहे, आणि सोललेला दाणा परत कणसाला चिकटत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय सोलणीला माणसे लावू नयेत.

कणसे निघाल्यावर उभी ताटे हिरवी आणि गोडसर असतात. ती वाळू न देता त्याच आठवड्यात कापून जवळच्या म्हशीवाल्याला चारा म्हणून द्यावीत. आमच्याकडचा म्हशीवाला तर तोडणीच्या तारखा माझ्याही आधी मोजून ठेवतो, आणि शेवटचे पोते बांधून होत नाही तोच त्याची गाडी बांधावर उभी असते.